एका बाजूला कललेला झोका

मोनालीने चित्रात झोका काढला होता तो दोघींचा. निंबाची फांदी, दोन दोर, एक फळी. फळीवर डावीकडे ती स्वतः आणि उजवीकडे भाविकाताई. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या पोरी झोक्यावर बसून गाणी म्हणतात ना, अगदी तस्साच! अजिंठा बघायला येणाऱ्या पर्यटकांसाठी लाकडी कीचेन करायच्या होत्या आणि चोपड्याच्या अख्ख्या शाळेतून तिचंच चित्र निवडलं होतं. त्या दिवशी ती शाळेच्या पायऱ्या दोन-दोन करत उतरली.

पण कीचेन बनवणाऱ्या मुख्तारचाचांनी मशीनवर पहिला तुकडा कापला आणि मान हलवली. "बेटा, एवढ्याशा लाकडात दोन पोरी नाही मावत. माना तुटतात. एकच ठेव."

मोनालीने ताईला काढून टाकलं. गेल्या अखाजीला ती सुरतेहून आली होती का? साड्यांच्या कारखान्यात सुट्टी नाही म्हणे. मग बस तिकडेच!

नवा तुकडा कडीला अडकवला, तर झोका मोनालीच्या बाजूला कलला.

"तिरकी वस्तू कोण घेईल गं?" चित्रकलेच्या प्रमिलाबाई म्हणाल्या. "पोरीला मधे सरकव. शुक्रवारपर्यंत दे, नाहीतर मला दुसरं चित्र पाठवावं लागेल."

मोनाली खोडरबर घेऊन बसली, पण हात होईना. आपण मधे बसलो की फळी भरली. मग ताई आली तर बसेल कुठे?

तिने व्हिडिओ कॉल लावला आणि कीचेन समोर धरली.

"हाई तिरकी काब्रं शे वं?" तिरकी का, असं विचारत ताई हसली.

"तू नही ना तठे!"

ताईचं हसू थांबलं. मागे मशिनी खडखडत होत्या. "ती मन्ही जागा ना?"

"तुन्हीच शे. औंदा येशी ना अखाजीले?"

"सुट्टी मांगी देखसू."

सुट्टी मागून बघते, असं ती गेल्या वर्षीही म्हणाली होती.

शुक्रवारी मोनालीने कीचेन होती तशीच बाईंच्या टेबलावर ठेवली. बाईंनी ती कडीला धरून उचलली आणि बोटाने सरळ केली. बोट काढलं, पुन्हा कलली.

"बाई, दुसरं चित्र पाठवा," मोनाली म्हणाली.

मग तिने कीचेन उचलून दप्तराला अडकवली आणि घरची वाट धरली. प्रत्येक पावलाला झोका हलत होता, उजवीकडची रिकामी फळी वर उचलून. अखाजीला अजून अठरा दिवस होते.