रिकाम्याचा वाटा

हिराच्या नाकावर राग असतो, हे मुरबे गावात कोणाला नव्याने सांगायची गरज नव्हती. बोईसरच्या बाजारात तिच्या पाटीपुढे उभं राहून पापलेटाचे डोळे तपासणाऱ्या गिऱ्हाइकाला ती म्हणायची, "त्याचे काय बघतं? तो मेलेला हाय. माझे बघ, खोटं बोलते का ते कळंल." गिऱ्हाईक फणकारून निघून जायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्याकडेच यायचं.

पावसाळ्यात मात्र बोटी वर ओढून झापांनी झाकल्या की हा राग पत्त्यांवर निघायचा. तिचा नवरा कमलाकांत तरुणपणी सात वर्षं मालवाहू जहाजावर खलाशी होता. तिथून त्याने घरी काय आणलं? एक घड्याळ, ते बंद पडलं. आणि पोकर, तो मात्र गल्लीला लागला. पाच पानं हातात धरायची, कोणाला दाखवायची नाहीत, आणि हातात काही नसलं तरी भरलेली जाळी ओढून आणल्याच्या थाटात बसायचं. समोरचा घाबरला तर पानं टाकतो, नाही घाबरला तर तुमची फजिती. पैशांऐवजी खाऊन झालेल्या तिसऱ्यांचे शिंपले. श्रावण संपेपर्यंत कमलाकांतच्या ओटीवर दुपारभर हाच उद्योग चाले, आणि नवऱ्याने शिकवलेला हा खेळ हिरा नवऱ्यापेक्षा चौपट चांगला खेळे.

तिचा राग होता तो गल्लीच्या एका खोडीवर. बोटीवर मासळीचे वाटे पडतात: बोटीचा, जाळ्याचा, माणसाचा. तापाने फणफणून आडवा पडलेला खलाशीही वाट्याला मुकत नाही. तो बोटीवर होता, एवढं पुरतं. लोकांनी तीच रीत ओटीवर आणली. कोणाचे शिंपले संपले की ज्याने जिंकले त्यानेच त्यातले मूठभर परत सरकवायचे आणि म्हणायचं, "घे, बस खाली."

"अरे, मग हरायचं कोणी?" हिरा ओरडायची. "हा काय खेळ हाय? ही तर पंगत झाली!"

"खेळायला माणूस नको?" कमलाकांत शांतपणे म्हणायचा. त्याच्या शांतपणाने तर तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

सगळ्यात जास्त शिंपले परत घ्यायची शेजारची सोजराबाई. म्हातारीला चांगलं पान आलं की ती आधी पदर सारखा करायची, म्हणजे सगळी गल्ली पानं टाकून मोकळी. रोज दुपारी ती रिकामी व्हायची आणि तळहात पुढे करायची. हिरा दात-ओठ खात तिला मूठ भरून द्यायची. नऊ पावसाळे दिलं. स्वतः मात्र ती एकदाही रिकामी झाली नव्हती.

जहाजावरच्या नेपाळी आचाऱ्याने कमलाकांतला सांगितलं होतं की काठमांडूला अशी माणसं आहेत ज्यांचा हाच धंदा. सकाळी उठायचं आणि पत्ते खेळायला जायचं.

"आपण मासे मारतो तसं?" हिराने विचारलं होतं.

"तसंच."

ते तिच्या डोक्यात जाऊन बसलं. "मना एकदा त्यांच्यासमोर बसायचंय," ती म्हणायची. "जिंकायचं राहू दे. पण ज्याला मना खरोखर बुडवायचंय असं माणूस एकदा समोर पायजे. तुमी लोक नुसती करमणूक करता."

गल्ली हसायची. हसू दे. तिला त्या हसण्याचाही राग होताच.

मग बोईसरहून चिंचणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, समुद्राला लागून, सागरतारा नावाचं हॉटेल निघालं. पावसाळ्यात तिथे चिटपाखरू फिरकेना, म्हणून मालकाने श्रावणात पत्त्यांची स्पर्धा ठेवली. पैशांचा खेळ नाही, नुसत्या रंगीत चकत्या. पण पहिल्या दिवशी जे दोघे शेवटपर्यंत टिकतील त्यांना दुसऱ्या दिवशी काठमांडूहून बोलावलेल्या दोन खेळाडूंबरोबर बसायला मिळणार होतं. हिरा त्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात खाडीच्या चिंबोऱ्या पोचवत असे. आचाऱ्याच्या तोंडून 'काठमांडू' ऐकलं आणि तिच्या हातातली पाटी खाली आली.

ती थेट मॅनेजरसमोर जाऊन उभी राहिली. मॅनेजरला आधी वाटलं ती चिंबोऱ्यांचे पैसे मागायला आली आहे. पण मुंबईचा एक गडी आला नव्हता, खुर्ची रिकामी होती, आणि मालकाला वाटलं, चला, लोकांची करमणूक होईल. पुन्हा करमणूकच!

"मच्छीवाली भी खेलेगी?" तारापूरच्या एमआयडीसीत रंगाचा कारखाना असलेला किरीटभाई मोठ्याने म्हणाला. "अच्छा है, टेबल पे थोडी खुशबू आयेगी."

"खुशबू नको असली तर लांब बस," हिरा म्हणाली. "पण जाशील कुठं? सगळा समुद्र हाय हितं."

पंचाने नियम सांगितले, हिंदीत, अगदी फोड करून. ज्याच्या चकत्या संपल्या तो उठणार. कोणी कोणाला चकती द्यायची नाही. दिली तर देणारा बाहेर. हिराने मान डोलावली, आणि नऊ वर्षांत प्रथमच तिला कोणाचा राग आला नाही. अखेर खरा खेळ! इथे कोणी तळहात पुढे करणार नव्हतं.

ती खेळली, आणि काय खेळली! बाजारात उभ्या असलेल्या बाईला माणूस खोटं केव्हा बोलतो हे शिकवावं लागत नाही. सुरुवातीला तिला पाहायला जमलेले वेटर हळूहळू हसायचे थांबले. एकेक शेठ कोट सावरत उठत गेला. दुपार कलली तेव्हा टेबलावर तिघेच उरले: हिरा, पांढऱ्या मिशीचा एक निवृत्त कप्तान आणि किरीटभाई. यातला एक उठला की उरलेले दोघे उद्याच्या टेबलावर.

किरीटभाई हातात काही नसलं की सुपारी जोरजोरात चघळायचा आणि पानं भारी असली की तोंड थांबायचं. हिराने हे पहिल्या तासातच टिपलं होतं. आता त्याने आपल्या होत्या-नव्हत्या त्या सगळ्या चकत्या मधे लोटल्या आणि खुर्चीला टेकून बसला. कप्तानाने पानं टाकली. हिराच्या हातात नुसत्या दोन दश्श्या. तिने किरीटभाईच्या जबड्याकडे पाहिलं. सुपारी कडाकडा फुटत होती.

"दाखव," ती म्हणाली.

त्याच्याकडे काही नव्हतं. सगळा ढीग हिराकडे आला. झालं! उद्या काठमांडू तिच्यासमोर बसणार होतं.

किरीटभाई आपल्यापुढच्या हिरव्या कापडाकडे बघत राहिला, तिथे अजून काहीतरी असायला हवं असं वाटल्यासारखा. बडबड्या, उद्धट माणूस. पण रिकामं झाल्यावर त्याचं तोंड सोजराबाईसारखंच दिसलं. आणि हिराचा हात गेला. तिने पाठवला नाही, तो आपणहून गेला. मूठभर चकत्या उचलल्या, त्याच्यापुढे सरकवल्या, आणि तोंडही हाताच्या मागोमाग गेलं.

"घे, बस खाली."

हिराने आपल्या हाताकडे पाहिलं, तेव्हा तिला कळलं. तिने हात मागे ओढला, पण चकत्या तिकडेच राहिल्या.

किरीटभाई आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं, आणि त्याचं हसणं थांबलं.

"नियम म्हणजे नियम," तो पंचाला म्हणाला.

"जाऊ द्या हो," कप्तान म्हणाला. "बाईंनी सवयीने केलं."

पंच वाईट माणूस नव्हता. त्याने हळू आवाजात सांगितलं की देणारा बाहेर, हे सगळ्यांना आधीच सांगितलेलं आहे. आणि किरीटभाई अजून उठला नव्हता, म्हणून देणारा बाहेर गेला की उरलेले दोघे आपोआप उद्याच्या टेबलावर. किरीटभाईला जागेवरून उठायचीही गरज नव्हती. हिरानेच त्याला बस म्हटलं होतं, आणि तो बसला.

"माझ्या हातचं तुझ्यासमोर पडलंय अजून!" हिरा कडाडली. "ते पुढ्यात ठेवून माझ्याच जागेवर बसतं? लाज नाय वाटत?"

"दिया क्यों?" तो म्हणाला.

तिने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मालकाचा केला, त्या हिरव्या कापडाचा केला, आणि स्वयंपाकघराच्या दाराने बाहेर पडली. एसटीत बसल्यावर मात्र तिच्या लक्षात आलं की किरीटभाईवर तिचा खरा राग नाहीच. तो होता मुरब्यावर. कमलाकांतवर, त्या म्हाताऱ्या सोजरीवर, ओटीवर, वाट्यांवर, सगळ्या गावावर, ज्याने नऊ वर्षं तिच्या हाताला हे वळण लावलं. आणि हातावर. हात तोडून खाडीत टाकावा असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी चिंबोऱ्यांची ऑर्डर होतीच, जावं लागलं. आचाऱ्याने दार थोडं उघडून धरलं आणि तिने पाहिलं. काठमांडूचे दोघे, एक लठ्ठ, एक किडकिडीत, साधे बुशशर्ट घातलेले. किडकिडीत खेळाडूच्या बोटांना कसली घाई नव्हती. चौथ्या-पाचव्या डावात किरीटभाई रिकामा झाला आणि कालच्यासारखाच कापडाकडे बघत बसला. त्या किडकिडीत माणसाने चकत्या ओढल्या, रचल्या. त्याने मान वर करून पाहिलंही नाही. पंच किरीटभाईच्या खांद्याला हात लावून त्याला उठवत होता.

हाच तो माणूस. इतकी वर्षं मागितला तो, सहा पावलांवर बसलेला. तिने चिंबोऱ्यांची पाटी इतक्या जोरात आदळली की दोन चिंबोऱ्या सुटून आचाऱ्याच्या पायाशी पळाल्या.

ओटीवर डाव मांडलेला होता. गल्लीला सगळं कळलं होतं, पण तिचं तोंड बघून कोणी विषय काढला नाही. ती बसली आणि रागाने खेळली. रागाने पोकर खेळता येत नाही. कमलाकांतची खोटी पानं तिने खरी मानली, खरी ती खोटी. शेवटी उरले होते ते सगळे शिंपले तिने मधे लोटले, समोर सोजराबाई पदर सारखा करत असताना! म्हातारीने तीन राण्या खाली ठेवल्या.

हिरापुढची चटई रिकामी झाली. नऊ पावसाळ्यांत पहिल्यांदा.

ती चटईकडे बघत राहिली. मग सोजराबाईने दोन्ही हातांनी शिंपले गोळा केले आणि निम्मे तिच्यापुढे सरकवले.

"घे, बस खाली."

हिराने सगळे भिरकावून दिले. शिंपले अंगणात चिखलात जाऊन पडले. सोजराबाई गुडघ्यावर हात टेकत उठली, चिखलातून एकेक उचलून पदराला पुसला आणि पुन्हा तिच्यापुढे आणून ठेवला.

"तुमच्यामुळं झालं सगळं," हिरा म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "तुमच्या सगळ्यांमुळं. मना परत जायचंय तिथं. पुढल्या श्रावणात."

"जा ना," सोजराबाई म्हणाली. "पण तवर बस. पानं वाटायची पाळी तुझी हाय."

हिराने डोळे पुसले, म्हातारीला एक अस्सल शिवी घातली, आणि पानं पिसायला घेतली.