सून मीटरला बाधली

साळूबाईंच्या ओट्यावर चपला काढायला जागा उरली नव्हती. आमच्या मखमलाबादच्या गल्लीत एवढी माणसं एक तर लग्नाला जमतात, नाहीतर पाण्याचा टँकर आला की. त्या दिवशी ती विद्युतनाथ महाराजांसाठी जमली होती. महाराज पिवळी कफनी घालून पाटावर बसले होते आणि त्यांच्या हातात भगव्या रेशमात गुंडाळलेला वीतभर लांबीचा दंड होता. ते उठले, दंड भिंतीवरच्या मीटरजवळ नेला, आणि दंड बोलला. पिक, पिक, पिक. रेशमाच्या आतून लाल उजेड लुकलुकला. बायांनी हात जोडले, पाच-सहा मोबाइल वर झाले, आणि दाराशी उभ्या असलेल्या मी, म्हणजे निवृत्त विज्ञान शिक्षिका लताबाईनं, कपाळावर हात मारून घेतला.

हे ध्यान आमच्याकडे आलं कसं, ते आधी सांगते. साळूबाई माझ्या शेजारी. त्यांच्या यजमानांचा, भिमाजींचा, गावाबाहेर मोगऱ्याचा आणि झेंडूचा मळा आहे. साळूबाई लग्नसराईत गजरे करून देतात आणि ते ओट्यावरच्या एका जुन्या फ्रिजमध्ये ठेवतात. मुलगा ज्ञानेश सातपूरला कंपनीत. वैशाखात त्याचं लग्न झालं आणि सटाण्याची तेजस्विनी या घरात आली. पोरगी शिकलेली, हसरी, कामाला चटपटीत. आणि तिच्या पाठोपाठ घरात आलं ते मे महिन्याचं वीजबिल. नेहमीच्या जवळपास तिप्पट.

साळूबाईंनी ते बिल भाजीवाल्यापासून दळणवाल्यापर्यंत सगळ्यांना दाखवलं. दाखवलं, पण वाचलं कुणीच नाही. खालचा आकडा बघायचा आणि हाय खायची, एवढंच आपल्याला येतं. ही बातमी महाराजांच्या कुंदन नावाच्या शिष्याच्या कानावर गेली आणि तो उपाय घेऊन हजर झाला.

महाराजांनी बिल मागितलं, मांडीवर ठेवलं, डोळे मिटले. मग म्हणाले, “माते, हे बिल नव्हे. ही तुझ्या घराची कुंडली आहे.”

आणि त्यांनी ती कुंडली वाचली. स्थिर आकार म्हणजे घरात ठाण मांडून बसलेली बाधा, दिवा लावा न लावा, ती खातेच. वीज शुल्क म्हणजे तिचा नैवेद्य. इंधन समायोजन म्हणजे तिच्या पोटातली आग. शेवटी बोट एका रकान्यावर टेकवून त्यांनी आवाज खाली आणला. “हा वहन आकार. बाहेरून वाहत आलेली आकृती. सांगा, या घरात नव्यानं कोण आलं?”

सगळ्यांच्या माना स्वयंपाकघराच्या दाराकडे वळल्या. आमच्याकडे पाहुणे आले की नवी सून जशी उभी राहते तशीच तेजस्विनी तिथे उभी होती, डोक्यावर पदर, अर्धी आत, अर्धी बाहेर, चौकटीला खेटून. त्या चौकटीलाच घराचा मोठा स्विचबोर्ड आहे. महाराजांनी दंड अंगणात साळूबाईंसमोर धरला, दंड गप्प. बाजेवर बसलेल्या भिमाजींसमोर धरला, गप्प. मग तेजस्विनीपाशी नेला आणि त्यानं एकच कालवा केला.

पोरीचं तोंड पांढरं पडलं. महाराज पाटावर परत बसले. कुणीतरी तिला त्यांच्या पाया पडायला सांगितलं, ती मुकाट पुढे येऊन वाकली. तेव्हा तो दंड महाराजांच्या मांडीवरच होता, तिच्या डोक्यापासून चार बोटांवर. एक अक्षर बोलला नाही. हे माझ्याशिवाय कुणी पाहिलं नाही, कारण बाकीचे डोळे पुसत होते.

उपाय ठरला. मीटरवर तांब्याचं यंत्र चिकटवायचं, दक्षिणा द्यायची आणि सुनेला आखाडभर माहेरी पाठवायचं. आता मला सांगा, नवी सून पहिल्या आखाडात माहेरीच जाते ना? ती जाणारच होती, बॅगसुद्धा काढून ठेवलेली होती. उन्हाळा संपला की उकाडा कमी होईल, असं छातीठोक सांगणारा हा महात्मा. मी साळूबाईंना तसं बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, “लताबाई, तुमी पोरं शिकवली. सुना नाय आणल्या.” घरी येऊन चहा केला आणि तो रागाच्या भरात उतू घालवला.

आखाडात बिल आलं ते निम्म्याहून कमी. झालं! साळूबाईंनी गल्लीत पेढे वाटले. ज्यांच्याकडे सून नव्हती तेसुद्धा महाराजांचा नंबर मागायला लागले. आखाड सरला, श्रावण लागला, आणि तेजस्विनीला आणायला कुणी गेलं नाही. ज्ञानेशला विचारलं तर तो चप्पल पायात सरकवत म्हणाला, आई म्हणेल तसं. इतका राग आला मला त्या पोराचा. लग्नात सात पावलं चालला आणि आता सटाण्यापर्यंत जायला याला आई लागते.

मग तेजस्विनीचाच मला फोन आला. तिला रडू आवरत नव्हतं. “बाई, इथं सगळे विचारतात, न्यायला कधी येणार. बिल कमी आलं म्हणून मला नेत नाहीत, हे कोणत्या तोंडानं सांगू?”

मी फोन ठेवला आणि थेट शहराच्या बाजारातला रविवार कारंजा गाठला. विजेच्या सामानाच्या दुकानात जाऊन म्हटलं, तारेला न लावता पिकपिक करणारं काही असतं का? दुकानदारानं खणातून पेनाएवढी लाल प्लास्टिकची वस्तू काढली. आत वीज असलेल्या तारेजवळ धरली की वाजते आणि लुकलुकते, भिंतीतली तारसुद्धा ओळखते. टेस्टर. वायरमनच्या खिशाला असतो तो. घरी आल्यावर मी तो माझ्या जुन्या रेशमी ब्लाउजपीसमध्ये गुंडाळला. भगवा रंग नव्हता, मोरपंखी होता. देवाला चालेल म्हटलं.

महाराज दुसऱ्यांदा आले ते शेवटचा बंदोबस्त करायला. सून आत्ताच परतली तर बाधा दुपटीनं परतेल, तिला दिवाळीपर्यंत तिकडेच ठेवा, मग मोठी पूजा घालू, असं त्यांनी सांगितलं. भिमाजी खाली मान घालून ऐकत होते. तेवढ्यात मी माझा मोरपंखी दंड घेऊन पुढे झाले आणि म्हणाले, “महाराज, मलाही साक्षात्कार झालाय.”

गर्दीत खसखस पिकली. मी साळूबाईंना, सून उभी होती तिथे, त्याच चौकटीला खेटून उभं राहायला लावलं आणि दंड जवळ नेला. पिक, पिक, पिक. म्हटलं, साळूबाई, बाधा तर तुम्हीच निघालात की. त्यांचे डोळेच विस्फारले. मग कुंदनला तिथे उभं केलं. तोही बाधित. साळूबाईंना अंगणात आणलं, दंड गप्प. मग मी मेन स्विच पाडला, पंखे थांबले, आणि त्यांना पुन्हा चौकटीला नेलं. दंडानं ब्र काढला नाही.

“आता तुमचा दंड धरा महाराज,” मी म्हणाले.

महाराज म्हणाले की वीज नसली की बाधा झोपते. आमच्या लहानपणी भुतं अंधारात जागी व्हायची, हे पहिलंच भूत अंधारात झोपणारं. लोक हसत असतानाच भिमाजी बाजेवरून उठले, महाराजांच्या हातातून दंड घेतला आणि शांतपणे रेशीम उलगडलं. आत लाकडाच्या मुठीत खोचलेला, माझ्यासारखाच लाल टेस्टर होता.

पण साळूबाई अजून चौकटीपाशीच उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, “दंडा खोटा असंल. पण बिल तर खरंच उतरलं ना?”

प्रश्न रास्त होता. मी मेन स्विच चढवला, त्यांना खाली बसवलं आणि मे महिन्याचं ते बिल त्यांच्याच हातात दिलं. त्यावर मागच्या महिन्यांचा वीजवापर छापलेला असतो. म्हटलं, मागच्या वर्षीचा मे महिना शोधा. त्यांनी शोधला. मेमध्ये युनिट असेच चढलेले, पाऊस सुरू झाल्यावर असेच उतरलेले.

“तेव्हा तेजस्विनी कुठं होती?”

साळूबाईंनी त्या आकड्यावर बोट ठेवलं. “सटाण्याला,” त्या म्हणाल्या. “कॉलेजात शिकत व्हती.”

मग घरात काय होतं, ते त्यांनीच सांगायला सुरुवात केली. लग्नसराईत गजऱ्यांचा तो जुना फ्रिज रात्रंदिवस चालतो. त्याचं दार नीट लागत नाही, सुतळीनं बांधावं लागतं, म्हणून तो थांबतच नाही. कूलर असतो. यंदा घरातच लग्न, पाहुण्यांसाठी दुसरा कूलर मागून आणलेला. आखाडात मुहूर्त नसतात, त्यामुळे गजरे बंद, फ्रिज बंद. कूलर माळ्यावर. या सगळ्या वस्तू घराबाहेर न जाता गप्प बसल्या, आणि माहेरी गेली ती एकटी पोरगी. खापर तिच्यावर फुटलं.

तिपटीचं कोडं उरलं, तेही मी सोडवलं. पहिल्या शंभर युनिटचा दर कमी असतो. शंभरापुढच्या युनिटला तो जवळपास दुप्पट होतो आणि तीनशेपुढे आणखी चढतो. म्हणून वापर दुप्पट झाला तर बिल दुपटीच्याही पुढे पळतं. स्थिर आकार म्हणजे नुसत्या जोडणीचे पैसे. वहन आकार म्हणजे तारांवरून वीज तुमच्या दारापर्यंत आणायचा खर्च, युनिटमागे. वीज तयार करायचा आणि विकत घ्यायचा खर्च वरखाली होतो, ते इंधन समायोजन. वीज शुल्क हा सरकारचा कर, तो टक्क्यांनी लागतो, म्हणून बिल फुगलं की तोही फुगतो. एवढीच ती कुंडली. महाराज तोवर गर्दीत आपल्या चपला शोधत होते. दक्षिणा परत केल्याशिवाय त्या सापडणार नाहीत, असं भिमाजींनी त्यांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साळूबाई एसटीनं सटाण्याला निघाल्या. ज्ञानेशला पुढे घातलं आणि मलाही ओढून नेलं. तेजस्विनीच्या वडिलांनी पाणी दिलं, पण तोंड वर केलं नाही. “पोर आमले जड नही शे,” पोर आम्हाला जड नाही, एवढंच आपल्या बोलीत म्हणाले. ज्ञानेश काहीतरी कारण सांगायला लागला, त्याला साळूबाईंनी गप्प केलं आणि सगळ्यांदेखत सुनेकडे वळल्या.

“मला वाचता येतं. पण बिल वाचलं नाय मी. तुझ्यावर ढकलणं सोपं गेलं. लय मोठी चूक झाली माझी.”

तेजस्विनी दाराला टेकून उभी होती. तिनं लगेच हो म्हटलं नाही, आणि मला ते आवडलं. तिनं विचारलं, “पुढच्या मे महिन्यात बिल वाढेल, तेव्हा काय करायचं, आई?”

“वाढणारच हाय,” साळूबाई म्हणाल्या. “तवा तू आन मी बसून वाचू.”

तेजस्विनी बॅग भरायला आत गेली. तिच्या वडिलांनी चहा ठेवायला सांगितलं. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, आणि मी काही सहज रडणारी बाई नाही.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते. बिल वाढलं तर आधी युनिट बघा, मागचे महिने बघा, घरात काय नवं चालू झालं ते बघा. नाही उलगडलं तर वीज कार्यालयात जाऊन विचारा, उत्तर मिळेपर्यंत उठू नका. पण घरात आलेल्या परक्या पोरीकडे बोट दाखवू नका. त्या चौकटीत सुनेऐवजी आपली लेक उभी असती, तर आपण आधी बिलच वाचलं असतं.