काटेरी अंडी

थोरली औषधांच्या दुकानातून निवृत्त झाली आणि तिला बागेचा नाद लागला. दोघा भावांची घरं भिंतीला भिंत लागून, मागचं अंगण तेवढं एकच. भावाभावांचं विळ्याभोपळ्याचं नातं, पण जावांचं बरं चाललं होतं. धाकटी दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायची. बोलायला इतकी लाघवी, की ठणकता दात घेऊन तावातावाने आलेला माणूससुद्धा तिच्याशी बोलता बोलता निवळायचा. थोरली मात्र मुखदुर्बळ. चारचौघांत तिची जीभ टाळ्याला चिकटायची.

टोमॅटोंवर हिरवे ढालकिडे आले, तेव्हा थोरली दिसेल तो किडा साबणाच्या पाण्यात बुडवायची. पाठीवर ढालीसारखं कवच आणि डिवचलं की नाक धरायला लावणारा वास, एवढीच तिला त्यांची ओळख. मग एकदा कोबीवर तिला एक तपकिरी ढालकिडा दिसला. त्याने आपली सोंड एका अळीत खुपसली होती आणि अळी रिकाम्या मोज्यासारखी लोंबत होती. थोरली तिथेच उकिडवी बसली ती पाय बधिर होईपर्यंत. त्यानंतर तिने भिंग आणलं, मोबाइलवर फोटो काढून धाकटीला पाठवले, पानं उलटीपालटी करून अंडी शोधली. ऊन डोक्यावर आलं तरी तिला भान नसायचं.

"मला मेले सगळे सारखेच दिसतात, ताई," धाकटी म्हणायची. "वासही सारखाच."

"वासाचं सोड गं. खांदे बघ. ह्याचे टोकदार आहेत ना? सोंडही जाड. हा अळ्या खातो, आपला माणूस. त्या हिरव्याची सोंड केसासारखी बारीक, तो फळातला रस ओढतो. आणि ही अंडी बघ. कडेने बारीक काटे आहेत, म्हणजे ह्याची. हात लावायचा नाही. गुळगुळीत पिंपांसारखी, ओळीत मांडलेली, ती हिरव्याची."

धाकटी हं हं करत चहा प्यायची.

वसाहतीच्या सभागृहात बागप्रेमींसाठी भाषण आहे, हे थोरलीला कळलं ते फाटकावरच्या फलकावरून. बोलणार होती धाकटी.

"तुम्हालाच सांगणार होते हो," धाकटी म्हणाली. "पण तुम्हाला कुठे आवडतं लोकांपुढे उभं राहायला?"

थोरली जाऊन दुसऱ्या रांगेत बसली. पडद्यावर तिचेच फोटो आले. एकात कोपऱ्यात तिचा अंगठाही होता. "गेली दोन वर्षं मी रोज निरीक्षण करतेय," धाकटी सांगत होती. लोक माना डोलवत होते.

मग अंड्यांचा फोटो आला आणि धाकटी घसरली. "ही काटेरी अंडी दिसली की लगेच चिरडून टाकायची. गुळगुळीत असतात ती आपल्या मित्राची." बोलता बोलता तिलाच शंका आली असावी. तिने दुसऱ्या रांगेकडे पाहिलं. "बरोबर ना, ताई?"

सगळ्या माना वळल्या. 'नाही' एवढा एक शब्द पुरला असता. थोरलीने धाकटीच्या डोळ्यांत पाहिलं आणि मान हलवली. होकारार्थी.

टाळ्या वाजल्या.

उद्या सांगू, असं तिने त्या संध्याकाळी ठरवलं. दुसऱ्या दिवशी धाकटीकडे वसाहतीच्या अध्यक्षबाई फुलं घेऊन आल्या, म्हणून राहिलं. नंतर सांगायचं तर आधीच का नाही बोललात, हा प्रश्न येणार होता. वसाहतीतली माणसं चष्मे लावून काटेरी अंडी हुडकत आणि चिरडत राहिली. थोरली त्यांना खिडकीतून बघायची आणि पडदा ओढून घ्यायची.

अळ्या वाढल्या तेव्हा कोणाच्या कोबीची धडगत राहिली नाही. पानांची चाळण झाली. टोमॅटोही डागाळलेले. शेवटी कोणीतरी पुस्तक उघडून बघितलं आणि अध्यक्षबाई चार जणांना घेऊन अंगणात आल्या.

"अहो, तुम्ही तर सगळं उलटंच सांगितलंत!"

धाकटी क्षणभरही गडबडली नाही. "मला कुठे काय कळतंय त्यातलं? मी सगळं ताईंकडून शिकले. फोटोही त्यांचेच. भर सभेत त्यांना विचारलं, त्यांनी मान हलवली. तुम्ही सगळ्यांनी पाहिलंत की."

यातला शब्दन् शब्द खरा होता. थोरलीने तोंड उघडलं, पण काय सांगणार? आपल्याला माहीत होतं, हे? त्यापेक्षा आपल्याला काही कळत नाही, हेच लोकांनी समजलेलं बरं. "चुकलं माझं," ती पुटपुटली. अध्यक्षबाईंनी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

लोक गेल्यावर धाकटी हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला ठाऊक होतं, ताई."

"आणि माझे फोटो होते, ते तुला ठाऊक नव्हतं?"

तेवढंच. त्यानंतर बोलणं खुंटलं. महिन्याभरात अंगणाच्या मधोमध भिंत उभी राहिली. तेवढ्या एका गोष्टीवर दोघा भावांचं एकमत झालं. कोबी थोरलीच्या वाट्याला आला, टोमॅटो धाकटीच्या.

एका सकाळी थोरली अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकत होती. भिंतीपलीकडून फोनवरचा लाघवी आवाज आला. "खांदे टोकदार आहेत का बघा. आणि काटेरी अंडी असली तर हात लावू नका हं, ती आपल्या मित्राची."

अगदी बरोबर सांगत होती. थोरलीने पुढचं पान उलटं केलं. खाली अळ्याच होत्या.