सगळ्यांना मनाई

ग्रंथपालबाईंनी डावा बूट काढला. मोजा रक्ताने पायाला चिकटला होता. ते पाहून ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हा पाय ताईच्या चांगला ओळखीचा होता. लहानपणीच्या आजारात आखूड राहिलेला, घोट्याखाली हाडाचा उंचवटा आलेला. त्या हाडाला चामडं टेकता कामा नये, एवढं एकच पथ्य. ताई आणि तिचा धाकटा भाऊ असल्याच पायांचे बूट करायचे. पाय कागदावर ठेवून ताई पेन्सिलीने आखायची आणि कुठे दुखतं ते विचारून तिथेच लिहायची. भाऊ कापायचा, शिवायचा. पुढे सगळे आराखडे स्कॅन करून कॉम्प्युटरवर चढवून झाले, तेव्हा मूळ कागद त्यानेच रद्दीत घातले. पसारा कशाला हवा म्हणे!

"नवा जोड घातल्यापासून लागतोय," ग्रंथपालबाई ओशाळून म्हणाल्या, जशी काही चूक त्यांच्या पायाचीच. "दिवसभर उभं राहायचं काम माझं. वाटलं, होईल सैल."

"चुकलंय आमचं. तुम्ही बसा," ताई म्हणाली. तिने जखम धुतली, पट्टी बांधली, तो बूट उचलला आणि आतल्या खोलीत जाऊन भावासमोर आपटला.

"आराखडा बघून कापलास हा?"

"मग काय डोळे मिटून?" भाऊ मान वर न करता म्हणाला.

"दाखव मला तो आराखडा."

गेले काही दिवस ताईला कॉम्प्युटरवरचा आराखड्यांचा फोल्डर उघडतच नव्हता. क्लिक केलं की एकच पाटी यायची: तुम्हाला परवानगी नाही. तिनेच आखलेले पाय, तिच्याच हाताने चढवलेले, आणि तिलाच परवानगी नाही! भावाला विचारलं तर तो म्हणायचा, "माझ्या खात्यातून उघडतं. हवं ते सांग, छापून देतो." आणि छापून द्यायची वेळ आली की कधी शाई संपलेली, कधी कागद अडकलेला.

"नंतर दाखवतो. आता हातात काम आहे."

"आत्ता. माझ्यासमोर."

भाऊ खुर्ची ओढून बसला. स्वतःच्या खात्यात गेला, फोल्डरवर क्लिक केलं. तीच पाटी आली. तुम्हाला परवानगी नाही.

 ताईच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तिला जास्तच संताप आला.

"म्हणजे तुलाही उघडत नाही! कधीपासून?"

"तू त्या दिवशी जेवताना म्हणालीस ना," तो पुटपुटला, "की हॉस्पिटलजवळ वेगळी खोली घेते, स्वतःचं काम सुरू करते. मला वाटलं, सगळी मापं उचलून नेशील. म्हणून फोल्डरच्या मालकाच्या जागी माझं नाव घातलं. आणि खाली मनाईचा रकाना होता, तिथे 'सगळे' निवडलं."

"सगळे म्हणजे तूही आलास की रे, शहाण्या!"

"मला वाटलं, सगळे म्हणजे बाकीचे सगळे."

वाटणारच. आई लहानपणी ओरडायची, सगळ्यांनी आपापली ताटं उचला, तेव्हाही हा ढिम्म बसून राहायचा आणि ताई दोन ताटं उचलायची. या मुलाच्या लेखी 'सगळ्यां'मध्ये तो कधी नव्हताच.

"आणि हे मला सांगायचं सोडून तू अंदाजाने कातडी कापत बसलास?"

"इतकी वर्षं कापतोय मी. हात बसलाय माझा."

"तुझा हात बसलाय आणि त्या बाईंचा पाय सोलून निघालाय!"

भावाचा चेहरा पडला, पण ताईला त्याची जराही दया आली नाही. तिने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मैत्रिणीला फोन लावला आणि तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. मैत्रीण आधी पोटभर हसली. मग म्हणाली, "परवानगी आणि मनाई दोन्ही दिल्या, की मनाई जिंकते. मालकालाही फोल्डर उघडत नाही. पण मनाई काढून टाकायचा हक्क मालकाकडे असतो. त्याला फक्त कुणाला तरी विचारायचं होतं गं!"

तेवढंच तर त्याला जमत नव्हतं.

"ऊठ," ताई म्हणाली. मैत्रीण सांगत गेली तशी ती करत गेली. फोल्डरवर उजवं क्लिक, मग सिक्युरिटी, मग मालकाचं नाव. भावाचं पुसून तिथे स्वतःचं घातलं. आतल्या सगळ्या फाइलींनाही तेच लागू केलं. 'सगळे' शोधून काढलं आणि ती मनाई उडवली. वर भावाचं खातं साधं केलं, मुख्य खातं स्वतःचं केलं आणि पासवर्ड बदलताना त्याला भिंतीकडे तोंड करायला लावलं.

फोल्डर उघडला. ग्रंथपालबाईंचा डावा पाय पडद्यावर आला. हाडाभोवती ताईने पेन्सिलीने गोल काढला होता आणि लिहिलं होतं: इथे अजिबात नको. भावाने केलेल्या बुटाची शिवण नेमकी त्या गोलावरून गेली होती.

"बघ. नीट बघ," ताई म्हणाली. तिचा आवाज रागाने चिरकला होता. "ही मापं मी पळवणार होते? मी वेगळी झाले असते तरी तुला एकेक पाय काढून दिला असता रे. विचारायचं तरी होतंस."

भावाने पडद्यावरच्या त्या गोलावरून बोट फिरवलं. मग चाचरत म्हणाला, "माझं नाव परत घालशील ना?"

ताईने त्याचं नाव घातलं. पण खूण केली ती फक्त वाचण्यापुरती. बदलायची मुभा नाही, पुसायची नाही.

"एवढंच? मी भाऊ आहे तुझा, ताई."

"म्हणून तर वाचू देतेय." तिने तो बूट त्याच्या हातात कोंबला. "आता बाहेर जा आणि त्या बाईंना सांग, की माप न बघता कापलं. पायाला दोष देत बसल्यात बिचाऱ्या."

"तू सांग ना. तुझं ऐकतात त्या."

 ताईने दार उघडून धरलं आणि त्याच्या तोंडून अख्खं वाक्य बाहेर पडेपर्यंत तिथून हलली नाही.