किसणीचा हेवा

मी स्टीलचा डबा बोलतोय. ठाण्यात, वर्तकनगरला, मंजुळा नावाच्या बाईंच्या स्वयंपाकघरात राहतो. बातमी आली त्या बुधवारी मी मांडणीवर होतो, घासलेला, रिकामा. मंजुळा मेथी निवडत होती. फोन वाजला. "कोण रवींद्र? आमचा रवींद्र?" असं तिनं दोनदा विचारलं आणि ती खाली बसली. डोंबिवलीला एकट्या राहणाऱ्या तिच्या धाकट्या भावानं आपलं आयुष्य संपवलं होतं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. नौपाड्यातल्या भांड्यांच्या दुकानात माझ्यावर नाव घातलं, ते मात्र आठवतं. नोकरीला नुकताच लागलेला रवींद्र शेजारी उभा राहून सांगत होता, "'मंजुळाताईस, रवींद्रकडून' असं टाका. तारीख नको हां, नाहीतर ती दर वर्षी नवा मागेल."

दर रविवारी तो बहिणीकडे जेवायला यायचा आणि जाताना ती डबा भरून द्यायची. वालाचं बिरडं, चकल्या, काहीही. डबे तिकडेच राहायचे.

"माझी मांडणी ओस पडली रे, डबेचोरा!"

"परत आणले तर तू भांडशील कशावरून, ताई?"

आम्ही सहा-सात जण त्याच्या ओट्यावर महिनोन्‌महिने पडून असायचो. मला ते आवडायचं. मंजुळानं दुसरा एखादा डबा भरला की माझा जळफळाट व्हायचा. नाव माझ्यावर, आणि मिरवत निघाला तो चेपका ॲल्युमिनियमचा!

मग तो रविवार आला. रवींद्रनं आम्हा सगळ्यांना घासून पुसून एकाच पिशवीतून परत आणलं.

"आज सूर्य कुठे उगवला? सगळे कैदी सुटले!" मंजुळा हसत सुटली.

"मोजून घे. तुझं काही माझ्याकडे राहायला नको."

"बघा, त्रेचाळिसाव्या वर्षी अक्कल आली एकदाची. आणि बारीक किती झालायस! डाएट करतोस की काय?"

तोही हसला. दोन महिने तो धड झोपत नव्हता, जेवत नव्हता. मी त्याच्याच ओट्यावर होतो, मला दिसत होतं. कारण काय, ते मला सांगता येणार नाही. असं एकच कारण नसतंही.

नातेवाइकांना मंजुळानं सांगितलं, हार्टचा झटका आला. तिची झोप उडाली तेव्हा ती नौपाड्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे जायला लागली. तिथं झालेलं बोलणं एकदा ती नवऱ्याला सांगत होती.

"मी म्हटलं, त्याला सरळ विचारलं असतं तर ते उलट त्याच्या डोक्यात भरलं नसतं का? त्या म्हणाल्या, नाही. विचारल्यानं तो विचार येत नाही. आलेला असेल, तर माणसाला बोलायला वाट मिळते."

त्या दिवशी तिनं कॅलेंडरच्या कडेला मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर लिहून ठेवला, १४४१६.

आता त्या किसणीबद्दल. कडेला गंजलेली, बोटं सोलणारी. वरच्या मजल्यावरची सोनल ती दिवाळीत घेऊन गेली होती, परत करायचं विसरली होती. एका दुपारी ती किसणी घेऊन दारात उभी राहिली. सोबत कधीची नेलेली इडलीची भांडी आणि छत्रीही.

"घ्या काकू. कुणाचं काही राहायला नको."

मंजुळाचा हात हवेतच थांबला.

"आत ये. बस."

"नको, भात टाकलाय."

"चल, आधी गॅस बंद करू."

दोघी वर जाऊन परत आल्या. मंजुळानं तिला माझ्यासमोरच्या स्टुलावर बसवलं आणि विचारलं, "सोनल, जीव द्यायचं मनात येतंय का तुझ्या?"

सोनल म्हणाली, "रोज."

मंजुळा 'असं बोलू नये' म्हणाली नाही. 'लेकीकडे बघ' असंही म्हणाली नाही. म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. मी इथेच आहे." आणि ऐकत राहिली. नंतर कॅलेंडरवरचा नंबर लावून फोन सोनलच्या हातात दिला. तिचा नवरा मयूर ऑफिसातून येईपर्यंत तिला एकटं सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी रिक्षानं दोघी नौपाड्याला गेल्या. सोनल अजून तिथं जाते. काही दिवस बरे जातात, काही नाही.

आणि मी जळतो. त्या गंजकीत असं काय होतं? तीही परत आली, मीही परत आलो. तिच्या वेळी प्रश्न विचारला गेला, माझ्या वेळी थट्टा झाली. सोनल जिन्यात मोठ्यानं हसली की मला नुसता आनंद होतो असं म्हटलं, तर ते खोटं होईल. आधी आत काहीतरी टोचतं. आनंद मागाहून येतो.

परत आलेल्या प्रत्येक भांड्यामागे असं दुःख असतं, असं नाही. पण आपलं माणूस अचानक सगळं आवरायला लागलं, तर त्याच्या नीटनेटकेपणाचं कौतुक करून थांबू नका. जवळ बसवा, विचारा. शब्द वेडेवाकडे आले तरी चालतील.

परवा सोनल चहाला आली होती. म्हणाली, "काकू, त्या दिवशी तुम्हाला कसं कळलं हो?"

मंजुळा कणीक मळत राहिली. "सांगेन कधीतरी."

अजून तिनं सांगितलेलं नाही.