आभाराची पाच मिनिटे

मित्रांनो, मोठी माणसे ज्याच्यामागे उभी राहून भाषण करतात आणि भाषणात अडखळली की ज्याच्यावरचा पाण्याचा ग्लास शोधतात, तो मी. उद्योजक संघाच्या सभागृहातला एक जुना पोडियम. माझ्यासाठी कुणी कधी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण चाळीस वर्षे सगळ्या टाळ्या मी अगदी समोरून ऐकल्या. तक्रार करायला मी तोंड उघडलेले नाही. मला आभार मानायचे आहेत.

पहिले आभार सुतारकाकांचे. त्यांनी मला सागवानाचा केला, कडा गोल केल्या आणि पॉलिशचे तीन हात दिले. माझे माप संघाच्या पहिल्या अध्यक्षांवरून घेतले. ते सिमेंटच्या कारखान्याचे मालक, दाराची चौकट डोक्याला लागेल एवढे उंच.

"साहेब, ही उंची सगळ्यांना चालेल का?" काकांनी विचारले.

"सगळे म्हणजे कोण? इथे बोलणार आम्हीच ना!"

झाले, मी उंच झालो. खोटे कशाला सांगू, मला त्याचा फार तोरा होता.

माझ्यामागून सिमेंटवाले बोलले, कापडवाले बोलले, औषधवाले आणि बसगाड्यावाले बोलले. एरवी त्यांचे एकमेकांशी पटत नसे. एका बाबतीत मात्र त्यांचे एकमत होते: धंदा हे पुरुषांचे काम. "बाईला कारखाना दाखवा, ती आधी पडद्यांचा रंग विचारेल," असे एकजण म्हणायचा आणि सभागृह खो खो हसायचे. मीही मनातल्या मनात हसायचो. एवढी शिकलेली माणसे हसतात म्हणजे विनोद चांगलाच असणार, असे मला वाटायचे. त्याची आज लाज वाटते.

हे हसणे सभागृहातच राहिले असते तरी एक वेळ चालले असते. पण निवडणुकीला याच मंडळींचा आधार लागायचा, त्यामुळे मंत्री कोणत्याही पक्षाचा असो, तो इथे यायचाच. संघाचे निवेदन माझ्यावर ठेवून वाचले जाई. काही महिन्यांनी तेच कायद्यात उतरे, कधी कधी तर स्वल्पविरामासकट.

बायका माझ्यापर्यंत यायच्या त्या दोनच कामांना. एक पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायला आणि दुसरे शेवटी आभार मानायला. तो संघाचा रिवाजच होता. आभार संपेपर्यंत कुणी उठायचे नाही, हाही रिवाज, आणि मंत्री असले की तो फार कडक पाळला जाई.

संघात एक खोकेवाल्या ताई होत्या. त्यांचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना. कापड असो की औषध, सगळ्यांचा माल ताईंच्याच खोक्यांतून बाहेर पडायचा. तरी पंधरा वर्षांत त्यांना एकाही समितीवर कुणी घेतले नव्हते. एकदा सरकारने कारखान्यांच्या नव्या कायद्याचा मसुदा काढला. ज्या कारखान्यात पन्नास बायका काम करतात तिथे पाळणाघर हवेच, ही जुनी सक्ती त्यात कायम होती. संघाच्या समितीने लगेच निवेदन तयार केले. त्याचा सातवा मुद्दा होता, पाळणाघराची सक्ती काढून टाका.

ताई तडक नव्या अध्यक्षांकडे आल्या. हे पहिल्या अध्यक्षांचे चिरंजीव.

"मला समितीपुढे बोलायचंय. सक्ती गेली तर आहेत तीही पाळणाघरं बंद पडतील."

"ताई, त्या रटाळ बैठकीत कशाला डोकं शिणवताय? मंत्री येणार आहेत ना, त्या दिवशी आभार तुमच्याकडेच ठेवलेत. तुमचा आवाज किती गोड आहे!"

ताई म्हणाल्या, "बरं. आभार तर आभार."

कार्यक्रमाच्या दिवशी ताई माझ्यामागे आल्या आणि समोर बसलेल्यांना त्यांचे फक्त कपाळ दिसू लागले. कुणीतरी फिस्सकन हसले. माझा तोरा त्या एका क्षणात उतरला. ताईंनी माइक वाकवून बाहेर घेतला, त्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि एक हात माझ्या कडेवर ठेवला. त्यांना आधार देता आला, याचे मला आजही समाधान आहे.

"मंत्रिसाहेबांचे आभार, अध्यक्षांचे आभार," त्या म्हणाल्या. "आता आणखी एका गोष्टीचे आभार राहिलेत. मी पूर्वी खोक्यांच्या कारखान्यात मजूर होते. पाळणाघर नव्हतं. माझी आठ महिन्यांची मुलगी मशीनशेजारी रिकाम्या खोक्यात झोपायची. एकदा माल चढवणाऱ्याने न बघता ते खोकं उचललं आणि गाडीत ठेवलं. त्यावर दुसरं ठेवणार, इतक्यात ती रडली. त्या रडण्याचे मी आभार मानते."

"ताई, आवरा आता," अध्यक्ष हळूच म्हणाले. पण आभार संपल्याशिवाय उठणार कसे? रिवाज त्यांचाच होता. आणि मंत्री समोर हाताची घडी घालून ऐकत होते.

"आज माझ्या कारखान्याच्या पाळणाघरात एकोणीस मुलं झोपलीत. सातवा मुद्दा लिहिणाऱ्यांना हे माहीत नसेल, कारण मूल काखेत घेऊन त्यांनी कधी काम केलेलं नाही. पण विचारायला काय हरकत होती? मंत्रिसाहेब, तो मुद्दा तुम्ही मान्य करणार नाही, म्हणून तुमचे आगाऊ आभार."

मग मागच्या दाराशी चहाचे कप घेऊन उभ्या असलेल्या दोघीतिघींनी कप खाली ठेवले आणि टाळ्या वाजवल्या. एका वयस्कर कापडवाल्यांनीही वाजवल्या. मंत्री एवढेच म्हणाले, "बघू." असे 'बघू' मी शेकड्यांनी ऐकले होते, त्यामुळे मला काही खरे वाटेना.

चार महिन्यांनी कायदा आला. संघाचे सहा मुद्दे मान्य झाले होते. सातवा झाला नव्हता.

अध्यक्षांनी राग माझ्यावर काढला. संघाने काचेचा नवा पोडियम आणला आणि माझी रवानगी अडगळीत झाली. दोन वर्षे मोडक्या खुर्च्यांखाली मी धूळ खात पडलो. वाळवी लागायच्या बेतात होती, तेवढ्यात ताईंनी मला मागून घेतले. म्हाताऱ्या सुतारकाकांनी माझे पाय वीतभर कापले. करवत लागताना वाटले, आपले मोठेपण चालले. मग एक मजूर बाई माझ्यामागे उभी राहिली आणि तिचा सगळा चेहरा दिसला. करवतीचेही आभार!

आता मी खोक्यांच्या कारखान्यात असतो. दर महिन्याच्या सभेत बायका माझ्यामागून बोलतात, भांडतात, विनोदही करतात. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या लाकडाला कोरड्या फडक्याने पुसत जा, अंगावर ओला ग्लास ठेवू नका, एवढेच मागणे. आणि ज्या माणसाला सगळ्यात शेवटी बोलायला ठेवले आहे, त्याचे बोलणे संपेपर्यंत बसून राहा. त्या दिवशी सगळे पाच मिनिटे बसून राहिले, म्हणून पलीकडच्या खोलीतल्यासारखे पाळणे इतर कारखान्यांतही टिकले आहेत.

जाताना पावले जरा हळू टाका. मुले आत्ताच झोपली आहेत.