भोंग्यातून गेलेली ओळ

मित्रांनो, जीपच्या टपावर दोरीनं करकचून बांधलेला, कडा चेपलेला जुना भोंगा दिसला, की समजा, तो मीच. पत्र्याचं तोंड आणि दुसऱ्याचा आवाज, एवढीच माझी इस्टेट.

माझा मालक मोतीराम. त्यानं मला धाड गावी आणलं तेव्हा मी नुसता चमकायचो. लग्नात मामाला मंडपात बोलवायचं तर मी, हरवलेली शेळी शोधायची तरी मीच. शेळी सापडली की लोक म्हणायचे, "भोंगा लय गुणाचा!" मी फुगायचो.

मग गुलाबराव जिल्हा परिषदेला उभे राहिले, आणि मी त्यांच्या प्रचाराच्या जीपवर चढलो. आठवडी बाजारात भाजी विकणारी झुंबरबाई पंधरा बाया घेऊन त्यांच्याकडं गेली.

"भाऊ, चिखलात बसून वांगे इकतो आम्ही. बसाले पक्के ओटे करून द्या."

"झालेच समज, मावशी!"

लगेच ती ओळ पेन ड्राइव्हवर चढली. अकरा दिवस मी बोंबललो, "बाजारात पक्के ओटे, गुलाबरावांचा शब्द!" झुंबरबाई दर वेळी हातातला तराजू थांबवून ऐकायची.

बाराव्या दिवशी जीपच्या पुढच्या सीटवर कुलदीपशेठ बसले. प्रचाराच्या चार गाड्या त्यांच्याच होत्या.

"भाऊ, त्या जागेवर मले गाळे बांधाचे हायेत. ओटे कायचे करता?"

गुलाबराव हसले. "शब्द कुठं मांगं घेऊन राह्यलो, शेठ? नुसता वाजवत नाई."

मोतीरामनं ओळ काढली. तिच्या जागी सनई घातली.

त्या दिवशी झुंबरबाई जीपमागं धावत आली. "मोतीरामभाऊ, आमचे ओटे काऊन नाई वाजले?"

मोतीरामनं मान खाली घातली. "भोंगा जुना झाला, बाई. मधातच बंद पडते."

मित्रांनो, मी उभ्या आयुष्यात मधेच बंद पडलो नव्हतो! पण बिचारी चाकावर चढली. ओल्या पदरानं माझं तोंड आतून पुसलं, आणि बायांना म्हणाली, "धूळ बसली होती, माय. गुलाबराव माणूस चांगला हाय."

तिनं आणि त्या पंधराही जणींनी गुलाबरावांनाच मत दिलं. ते निवडून आले.

आता बाजारात गाळ्यांचे खड्डे खणलेत. झुंबरबाई गटाराच्या कडेला वांगी मांडते. मी मोतीरामच्या गोठ्यात पडलोय, माझ्या तोंडात गांधीलमाश्यांनी घर केलंय.

जुन्या वस्तू म्हणतात, आमची निगा राखा. मी नाही म्हणत. भोंगा मधेच गप्प झाला तर त्याचं तोंड पुसत बसू नका, मित्रांनो. पुढच्या सीटवर कोण बसलंय, ते आधी बघा.